पहिले दहा तास

१

नव्यानं बांधलेल्या इंजिनाला पहिले दहा तास तळहातावरच्या फोडासारखं जपावं लागतं. एकदम रस्त्यावर काढायचं नाही. रोज एक तास, जागच्या जागी, कमी रेसवर चालू ठेवायचं. आतल्या भागांना एकमेकांची सवय होऊ द्यायची. आणि तास पुरा झाल्याशिवाय मध्येच बंद करायचं नाही. आजकालचे मेकॅनिक हसतात याला. हसू देत. पस्तीस वर्षांत माझ्या हातचं एकही इंजिन तक्रार घेऊन परत आलं नाही, आणि हसणाऱ्यांकडे आठवड्याला दोन येतात.

हे आधीच सांगून टाकतोय, कारण जे झालं ते त्या दहा तासांतच झालं. रोज सकाळी दहा ते अकरा, लख्ख उजेडात, घराशेजारच्या माझ्याच शेडमध्ये. अंधारात भास झाला असेल, असं कुणी म्हणायला नको.

गाडी म्हणाल तर सव्वीस वर्षांची व्हॅन. चारही चाकांना ताकद जाते अशी, चिखलातून, दगडातून जाणारी. जमीन मोजणाऱ्या एका खात्यानं टाकून दिली होती. मूळच्या पेट्रोल इंजिनाला तडा गेलेला, पण सांगाडा ठणठणीत. त्यात दुसऱ्या मोठ्या व्हॅनचं डिझेल इंजिन बसवायचं आणि मागं घर करायचं, असा बेत होता. झोपायला पलंग, हात धुवायला बेसिन, एक शेगडी, दोन कपाटं. दोन माणसांपुरतं.

दुसरं माणूस म्हणजे आमची ही.

हिचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी पडद्याचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं, ते माझ्या लक्षात राहत नाही. थोडक्यात, बघायला जावं तिथलं मधलंच दिसत नाही. कडेचं दिसतं. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे खांदे दिसतात, कान दिसतात, चेहऱ्याच्या जागी राखाडी ठिपका. "वर्षभर धरून चला," डॉक्टर म्हणाले, "नंतर कडाही जातील."

त्या दिवशी घरी येताना ही एवढंच म्हणाली, "लोकांच्या गाड्या दुरुस्त करून तुम्ही सगळ्या जगाला फिरायला पाठवलंत हो. मला तेवढं बस स्टँडच्या पलीकडे नेलं नाहीत."

चेष्टेत म्हणाली. पण मला लागायचं तिथं लागलं. दुसऱ्याच दिवशी मी गाडी शोधायला बाहेर पडलो.

२

इंजिन मिळालं पैलवानाकडे. हा आमच्या भागातला भंगारवाला. आयुष्यात एक बैठक मारली नसेल, पण नाव पैलवान. त्याच्या आवारात एका कोपऱ्यात ते इंजिन एकटंच पडलं होतं, ताडपत्रीखाली. हातानं फिरवून बघितलं तर लोण्यासारखं फिरलं. मी घेऊन आलो, पूर्ण खोललं, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केटं बदलली, पुन्हा बांधलं. व्हॅनच्या गिअरबॉक्सला ते सरळ बसत नव्हतं, म्हणून मध्ये एक जाड पत्रा कापून घेतला, भोकं पाडली. इंजिन टेकवायचे ब्रॅकेट दोन बोटं मागं सरकवले. चार महिने गेले.

चाकं काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती. गिअरबॉक्सपासून चाकांकडे जाणारे दांडेही काढलेले. थोडक्यात, ती गाडी इच्छा असली तरी एक इंच हलू शकली नसती. उजवी बाजू शेडच्या भिंतीला लागून. मधल्या खिडकीबाहेर हातभर अंतरावर भिंत आणि भिंतीवर माझे पाने ओळीनं टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. बस्स, तिथून तेवढंच दिसायचं.

ही जन्मभर शिवणकाम करत आलेली. गादीचे अभ्रे, पडदे सगळं तिनंच करायचं ठरवलं, चाचपत चाचपत. पुढची सीट आणि मागचं घर यांच्यामध्ये एक निळा पडदा तिनं आधीच मशीनवर शिवून लावला होता. सुईत दोरा मात्र मी ओवून द्यायचो. सकाळी पाच-सहा सुया ओवून तिच्या उशीला टोचून ठेवायच्या आणि मग आपलं काम.

पहिल्या दिवशी दहा वाजता इंजिन लावलं. दुसऱ्या फेऱ्याला धरलं. ही मागं पलंगावर शिवत बसली होती. "खाली उतर, हादरे बसतील," म्हटलं, तर म्हणाली, "पुढं यातच राहायचंय ना? मलापण सवय होऊ दे."

मी बॉनेटपाशी होतो. अकरा वाजता डॅशबोर्डखालचा काळा नॉब ओढला, इंजिन बंद झालं. मागं गेलो तर ही हातात सुई धरून बसलेली.

"दोरा मी ओवला," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. गाडी चालू असताना. तुम्ही ओवलेल्या सगळ्या संपल्या, तर मी आपली सहज बघितलं, आणि नेढं दिसलं हो. एवढुसं, पण चक्क दिसलं."

आठ महिन्यांत तिनं सुई ओवली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी ग्रीसच्या हातानंच तिचा खांदा धरला आणि ब्लाउज खराब केल्याबद्दल बोलणी खाल्ली.

३

दुसऱ्या दिवशी तिनं रंगाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. तिसऱ्या दिवशी माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण पाहिलं. इंजिन बंद झालं की पाच मिनिटांत सगळं पुन्हा राखाडी. बाहेर येऊन शेडच्या दाराची कडी चाचपायची.

मी मिस्त्री माणूस. कार्यकारणाशिवाय मला झोप येत नाही. पहिला संशय धुराचा. डिझेलचा धूर आत येत असला तर माणसाला काय वाटेल ते दिसतं, आणि नंतर उठतसुद्धा नाही. सायलेन्सरच्या प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा नाही. तरी धुराची नळी लांब करून भिंतीतून बाहेर काढली, मागचं दार सताड उघडं ठेवलं, पंखा लावला. मी स्वतः आत नाक खुपसून फिरलो. नव्या प्लायवूडचा वास होता, दुसरं काही नाही.

मग वाटलं, हादऱ्यांनी डोळ्यांत रक्त नीट फिरत असेल. डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "मागच्या महिन्यापेक्षा खराब आहे," म्हणाले. "घाई करा. काय दाखवायचं असेल ते दाखवून घ्या."

ही सगळा वेळ मूग गिळून बसली होती. रस्त्यात मी चिडलो. "सांगायचं नाही का त्यांना, व्हॅनमध्ये दिसतं म्हणून?"

"त्यांनी 'बसू नका' म्हटलं असतं तर?"



४

चौथ्या दिवशी मी बॉनेटमध्ये डोकं घालून होतो. मागून आवाज आला, "केवढाली झाडं आहेत हो!"

"कुठं?"

"खिडकीतून. दोन्ही बाजूंना. आणि रस्ता बघा कसा, मातीचा, पण छान चोपलेला."

मला हसू आलं. म्हटलं, बाईसाहेब निघाल्या फिरायला. फडक्याला हात पुसत मागं गेलो. ही भिंतीकडच्या खिडकीला नाक लावून बसली होती. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. आठ नंबरचा पाना, दहाचा, बाराचा, तेराचा.

"भिंत आहे तिथं," मी म्हटलं.

"तुम्ही नका सांगू मला दिसतं काय ते," ती जरा झटक्यात म्हणाली. मग मऊ आवाजात, "पाणी आलं बघा. पलीकडे नदी आहे वाटतं."

तिचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते, परत डावीकडे येत होते. चालत्या गाडीतून बाहेर बघणाऱ्याचे सरकतात तसे. मी पुढं आलो आणि उगाच तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल ठीक होतं.

तेव्हाच डॅशबोर्डवर नजर गेली. किती किलोमीटर चालली ते दाखवणारा आकडा. गाडी आणली तेव्हा शेवटचे तीन आकडे दोनशे अकरा होते. मला पक्कं माहीत, कारण सगळ्या गाड्यांचे मी दारामागं खडूनं लिहून ठेवतो. आता तिथं तीनशे सत्याहत्तर होतं आणि शेवटच्या आकड्याचं चाक सावकाश फिरत होतं. माझ्यादेखत अठ्ठ्याहत्तर झालं.

त्या मीटरची तार गिअरबॉक्समधून येते. ती मी महिन्यापूर्वीच काढली होती. खाली वाकून बघितलं. तार तिथंच होती, गुंडाळून, दोऱ्यानं बांधून, ठोकळ्याशेजारी.

५

आता माझी एक सवय सांगतो. इंजिनात कुठं काय वाजतंय ते ऐकायला मी लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, वापरतो. टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. माझे डोळे, हात, अक्कल, सगळ्यांवर मी एकेकदा शंका घेतलीय. या कानावर कधी नाही.

पाचव्या दिवशी टेकवला. व्हॉल्व्हची टकटक बरोबर होती. पंपाची घरघर बरोबर. त्याच्या खाली, खूप खाली, आणखी एक आवाज होता. टायरखाली बारीक खडी दबते तो. मधूनच खड्डा. मग लाकडी पुलाच्या फळ्या, एकामागून एक. मग परत खडी.

"पूल संपला," मागून ही म्हणाली.

मी पेचकस काढून फळीवर ठेवला.

दुपारी तडक पैलवानाकडे गेलो. विचारलं, ते इंजिन कुठल्या गाडीतलं? कुणी आणलं?

"चालत नाही का?" त्यानं विचारलं.

"चालतंय. जरा जास्तच."

"मग काय तर!" तो हसला. "मिस्त्री, अहो गाडीला पत्ता असतो. नुसत्या इंजिनाला कुठला आलाय पत्ता? तुम्ही नेलंत तसं कुणीतरी आणून टाकलं."

मी परत आलो. इंजिन पुन्हा लावायचंच नाही, असं ठरवून आलो होतो. ही दारातच उभी होती, हसत. "उद्या बहुतेक डोंगर चढू," म्हणाली. माझं अवसान तिथंच गळालं.

६

सहाव्या दिवशी ती पहिल्यांदा त्या माणसाबद्दल बोलली.

"कालही होता तो. रस्त्याच्या कडेला उभा. हात वर करून."

"कोण?"

"मला काय ठाऊक! कुणाला तरी गाडी हवी असेल. आपण पुढं जातो आणि थोड्या वेळानं परत तोच उभा."

"कसा दिसतो?"

ती विचार करू लागली. "झाडांची पानंन् पानं दिसतात हो मला. त्याचे बूटसुद्धा दिसतात, धुळीनं भरलेले. चेहरा तेवढा दिसत नाही." मग घाईघाईनं म्हणाली, "तो माझ्याच डोळ्यांचा दोष असेल."

मी मनाशी हिशोब मांडत होतो तो असा: दहा तास. चार उरलेत. दहा झाले की चाकं चढवायची आणि खऱ्या रस्त्यानं निघायचं, खरी झाडं दाखवायची. कदाचित तिथंही तिला दिसेल. इंजिन तर तेच असणार. एका इंजिनावर मी बायकोचे डोळे टांगून ठेवले होते, आणि ते मलाही कळत होतं.

सातव्या दिवशी साडेदहाला ती म्हणाली, "आज तो रस्त्यावर नाही."

"बरं झालं."

"तसं नाही. आपल्याबरोबर चालतोय. दाराच्या बाहेर. गाडी एवढी पळतेय, तरी चालतोयच."

बाजूचं सरकतं दार गाडीच्या डाव्या अंगाला आहे, मी बॉनेटपाशी उभा होतो तिथून समोर दिसतं. बाहेर कुणी नव्हतं. शेडची फरशी, ऑइलचे डाग, माझी चप्पल. आणि दाराचं हँडल खाली गेलं. सावकाश. परत वर आलं. परत खाली.

"अहो, त्याला उघडून द्या ना," ही आतून म्हणाली, अगदी घरी कुणी बेल वाजवल्यावर म्हणते तशी.

मी पुढच्या दारातून उडी मारून नॉब ओढला. तास पुरा झालेला नव्हता. इंजिन एक आचका देऊन गप्प झालं.

त्या शांततेत ही ओरडली. मी तिला तसं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं, बाळंतपणातसुद्धा नाही. मागं धावलो. हँडल गार होतं, हलत नव्हतं. ती पलंगावर दोन्ही हात पुढं करून बसली होती आणि तिचे डोळे उघडे होते.

"दिवा लावा," ती म्हणाली. "अहो, दिवा लावा ना."

बाहेर लख्ख ऊन होतं.

७

कडाही गेल्या. डॉक्टर म्हणाले, माझ्या अंदाजापेक्षा लवकर झालं. मी काय केलं ते त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

तीन आठवडे घरात तिचा आवाज नव्हता. जी बाई कुकरशीसुद्धा गप्पा मारायची, तिच्या तोंडाला कुलूप. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जायची, तिथं खुर्चीवर बसायची, मी आणून दिलेला चहा गार व्हायचा. एक शब्द मला बोलली नाही, आणि तेच सोसवेना. चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

मग एके दिवशी मी जवळून जात होतो, तिनं हात पुढं केला. माझ्या चेहऱ्यावरून फिरवला. कपाळ, नाक, मिश्या.

"आठवत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही आता कसे दिसता ते मला माहीतच नाही. माझ्या मनातला चेहरा लग्नाच्या फोटोतला आहे. गाडीत होते तेव्हा तुम्ही सतत पुढं. खिडकीतलं सगळं बघत बसले मी, आणि तुम्हाला बघायचं राहून गेलं."

मी तिथंच खाली बसलो. मला रडू येत होतं आणि ते तिला दिसत नव्हतं, म्हणून रडून घेतलं.

"त्या माणसाची भीती नाही वाटत तुला?" शेवटी विचारलं.

"वाटते की. पण याची जास्त वाटते." तिनं स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं.

८

आज सकाळी दहाला तिला हाताला धरून शेडमध्ये आणलं. बाजूचं दार ओढून घेतलं, आतून कडी घातली. मागचंही लावलं. निळा पडदा ओढून बंद केला. पुढं जाऊन इंजिन लावलं, पहिल्याच फेऱ्याला धरलं, आणि आतल्या आत पडद्याखालून वाकून मागं आलो. या वेळी मी बॉनेटपाशी थांबणार नव्हतो. पलंगावर तिच्याशेजारी बसलो, तिचा हात हातात घेतला.

खिडकीत पाने होते. आठ, दहा, बारा.

पाच मिनिटं गेली. तिचा हात गार होता. मग बोटं हळूहळू सैल झाली आणि तिनं मोठा श्वास घेतला. "आलं," ती म्हणाली.

"तो आहे का? बाहेर?"

तिनं दोन्ही खिडक्यांतून नीट पाहिलं, अगदी मान वाकवून. "नाही. कुठ्ठं नाही."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. तेवढ्यात पुढच्या सीटची स्प्रिंग करकरली. ती स्प्रिंग मला ठाऊक आहे, माणूस टेकला की वाजते. इंजिनाचा आवाज क्षणभर उतरला आणि पुन्हा भरून आला, खालच्या स्वरात. पस्तीस वर्षं हा आवाज ऐकलाय. कुणीतरी क्लच दाबून गिअर बदलला होता. पलंग मागच्या अंगाला किंचित कलला, चढाला लागल्यासारखा. बेसिनवरचा पेला खाली पडला आणि घरंगळत येऊन माझ्या पायाला लागला.

पडद्याची फट बोटभर होती. तिच्यातून पुढचा छोटा आरसा दिसत होता, मागची वाहनं बघायचा. मी लावला तेव्हा तो छताकडे वळलेला होता. आता कुणीतरी दोन बोटांनी तो खाली वळवत होतं, थोडा, अजून थोडा, आम्ही दोघं त्यात मावेपर्यंत. बोटांवर धूळ होती.

नॉब त्याच फटीपलीकडे, खाली. हात घालून ओढला असता तर पुरे होतं. मी अर्धा उठलोही.

"इकडं बघा," ही म्हणाली.

ती खिडकीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. कानांकडे नाही, खांद्यांकडे नाही, सरळ माझ्या डोळ्यांत.

"अगं बाई," ती म्हणाली, "किती म्हातारे झालात हो! आणि या भुवया कधी पांढऱ्या झाल्या? कुणी सांगितलंसुद्धा नाही मला." हसली, आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले. ते तिनं घाईनं पुसले, मध्ये काही यायला नको म्हणून. माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि कपाळापासून सावकाश बघायला लागली.

आवाज आणखी खाली उतरला. चढ वाढला होता. मी पुन्हा खाली बसलो. तिला नीट दिसावं म्हणून मान जरा खिडकीकडे केली. तिथून झाडांमधनं ऊन येत होतं.